अंबुबाईला कोणी सांगायचं

बेळगुंदी,
ता. ११ जानेवारी १९४४

प्रिय पद्मा हिस,
यशोदेचा सप्रेम नमस्कार.

ट्रेनिंग संपवून निपाणीच्या मोटारीत बसताना तू मला बजावलं होतंस, "अडलीस तरच लिही, नुसत्या खुशालीची पत्रं वाचायला मला सवड नाही." दीड वर्ष मी तुझा शब्द पाळला. आता खरोखरच अडले आहे, तेव्हा सवड काढ.

जूनपासून मी इथल्या मुलींच्या शाळेत आहे. हे लोंढ्याला रेल्वेत. शनिवारी येतात, रविवारी जातात. शाळा सुटल्यावर रवळनाथाच्या ओवरीत मी मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेते. अकराजणी येतात. त्यातल्या दहाजणींची मला काळजी नाही. अकरावी अंबुबाई.

वय चाळिशीच्या पुढे. नवव्या वर्षी तापात तिचे कान गेले. त्याआधी बोलायला शिकलेली होती म्हणून बोलते, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे एका सुरात आणि मोठ्यानं बोलते. तेवढ्यावरून गावानं तिला खुळ्यात काढलं आहे. ती खुळी नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी 'क' म्हणते, दहाजणी 'क' म्हणतात, ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघते; आणि मी फळ्याकडे वळले की तिला माझी नुसती पाठ दिसते. चार महिन्यांत एक अक्षर आलेलं नाही. तरी एक दिवस चुकवत नाही.

का येते ते सांगते. तिचा एकुलता एक मुलगा भरमू पलटणीत आहे, समुद्रापार कुठेतरी लढाईवर. नवरा वारला, धाकटा दीर ज्योतिबा आणि जाऊ शालूबाई यांच्याजवळ ती राहते. भरमू पलटणीत लिहायला शिकला. आपल्या हातानं काकाच्या नावे पत्र लिहितो. गावची पत्रं वाचायचं काम शाळेच्या बाईंचं, म्हणजे माझं. परवा त्याचं पत्र आलं. अंगणात बसून मी वाचलं, सगळं घर हसलं, सगळ्या घरानं डोळे पुसले. मग शालूबाईनं अंबुबाईकडे वळून कपाळावर तिरकं बोट ओढलं. भरमूच्या कपाळावर लहानपणी पडल्याची खूण आहे, आणि घरात त्याचं नाव हातानं असंच घेतात. मग छातीवर हात ठेवून मान हलवली. म्हणजे भरमू खुशाल आहे. झालं पत्र.

अंबुबाईनं ते माझ्या हातातून घेतलं, पानं मोजली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चार पानं हाईत. हातानं येवडंच?"

पद्मा, तुझा भाऊ जिनदत्त जन्माचा बहिरा, आणि तो आज वर्तमानपत्र वाचतो. त्याला तू कसं शिकवलंस ते मला लिही. या बाईला तिच्या मुलाची चार पानं वाचता आली पाहिजेत. दुसरं काही नको.

तुझी
यशोदा

निपाणी,
ता. २० जानेवारी १९४४

प्रिय यशोदे,
जय जिनेंद्र.

दीड वर्षानं पत्र, आणि त्यात माझी खुशालीसुद्धा विचारली नाहीस. वळण चांगलं लागलं म्हणायचं.

जिनदत्तला मी शिकवलं हे अर्धंच खरं. आधी त्याला शाळेत घातलं होतं. मास्तर पाढे म्हणून घेत, हा गप्प. म्हणून रोज भिंतीकडे तोंड करून उभा. कान नसलेल्या मुलाचे डोळेसुद्धा काढून घ्यायची ती शिक्षा. शेवटी आप्पांनी त्याला आमच्या तंबाखूच्या वखारीत नेलं. तिथे पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं रंगवलेली असतात. महिन्याभरात कुठलं पोतं कुणाचं ते हा न चुकता काढून देऊ लागला. एक अक्षर येत नव्हतं, पण अख्खी नावं ओळखत होता. माझी अक्कल तिथून सुरू झाली.

तेव्हा तुझी बाराखडी सध्या मिटून ठेव. अक्षराचा आवाज जिला ऐकूच येत नाही तिला आवाजापासून शिकवून काय होणार? वस्तूपासून शिकव. पुस्तकातला अननस तिनं जन्मात बघितला नसेल. घागर, चूल, विळा रोज बघते. चिठ्ठीवर ठळक 'घागर' लिही आणि घागरीलाच चिकटव. दिवसाला दोन शब्द, जास्त नाहीत. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या काढून तिच्या हातात दे आणि तिलाच लावू दे. शब्द डोळ्यांत बसले की ती आपणहून विचारेल, घागरीतला हा भाग गवतात कसा आला. त्या दिवशी अक्षर फोडून दाखव, आधी नाही.

उजेड तुझ्या तोंडावर पडेल अशी बस. ओवरीत बाहेरच्या बाजूला पाठ करत असशील तर जागा बदल, तिला तुझे ओठ अंधारात दिसत असतील. ओरडू नको, ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात. लिहिताना बोलू नको, बोलताना लिहू नको. तिला डोळे दोनच आहेत आणि कानांचं कामही त्यांच्याकडेच आहे.

आणि "कळलं का?" असं कधी विचारू नको. ती मान हलवेल. समोरच्याला त्रास नको म्हणून बहिरं माणूस जन्मभर मान हलवत आलेलं असतं. कळलं की नाही ते तिच्याकडून काही करून घेऊन बघ.

वाचायचं आहे मुलाचं पत्र, तर धडाही तोच घे. जुनी पत्रं घरात असतीलच. शब्द जमले की रोज त्यातली एक ओळ मोठ्या अक्षरात पाटीवर उतरवून दे.

पद्मा

बेळगुंदी,
ता. ५ मार्च १९४४

प्रिय पद्मा,

तुझ्या चिठ्ठ्यांनी ज्योतिबाचं घर भरून गेलं आहे. चुलीवर 'चूल', उंबऱ्यावर 'उंबरा', कणगीवर 'कणगी'. शालूबाई कुरकुरली, "बाई, घराचं दुकान केलासा की." म्हशीच्या शिंगाला बांधलेली चिठ्ठी म्हशीनं खाल्ली, तेव्हा अंबुबाई हसून हसून बेजार झाली आणि तो शब्द मात्र पुन्हा कधी चुकली नाही. गंमत म्हणजे आता शालूबाईही चिठ्ठ्या वाचते, वर्गाला न येता.

ओवरीत मी जागा बदलली. आता मी उजेडाकडे तोंड करून बसते. "कळलं का" विचारायचं सोडलं. दीड महिन्यात सत्तर शब्द झाले आणि परवा तिनं तू म्हणालीस तसंच विचारलं, "ह्यो घागरीतला मदला, गवतात बी त्योच?" मी हो म्हटलं. त्या दिवशी ती घरी जाताना दिसेल त्यावर ग शोधत गेली.

आता कालचं सांगते. भरमूची पत्रं देवाच्या कोनाड्यात ठेवलेली असतात. त्यातलं एक गेल्या हिवाळ्यातलं, मी यायच्या आधीचं, आधीच्या बाईंनी वाचून दाखवलेलं. त्यातली एक ओळ मी पाटीवर उतरवली: 'इथे थंडी फार आहे, आईनं शिवलेली वाकळ आठवते.' अंबुबाईनं बोट ठेवून वाचली. थंडी अडली, मी अंग आक्रसून दाखवलं. मग वाकळ तिची तिनं लावली, कारण वाकळेवर चिठ्ठी होती.

वाचून ती उठली आणि पाटी घेऊन थेट घरी गेली. मी मागोमाग. ज्योतिबासमोर पाटी धरून तिनं विचारलं, "हे एक वरीस झालं आलेलं. मला का सांगितलं न्हाय?"

ज्योतिबा गोंधळला. मला म्हणाला, "थंडी हाय म्हनला, त्यात सांगायचं काय, बाई? खुशाल हाय म्हनून सांगितलंच की." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. घरच्यांना जे फुटकळ वाटलं ते त्यांनी गाळलं, एवढंच. तिनं मात्र मला बजावलं, "बाई, आता समदी पत्रं. एक वळ सोडायची न्हाय."

तुझी
यशोदा

निपाणी,
ता. १४ मार्च १९४४

प्रिय यशोदे,

तुझं पत्र मी जिनदत्तला वाचायला दिलं. वाकळेपाशी तो थांबला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि पत्र घडी करून आपल्या खिशात ठेवलं. मागितलं तर देत नाही. तेव्हा हे उत्तर आठवणीवर लिहिते आहे.

आता तिला लिहायला लाव. बघून उतरवणं म्हणजे लिहिणं नव्हे. तिच्या मनातलं एक वाक्य तिच्या हातानं उतरू दे, चुकलं तर चुकलं. माझ्या वर्गात रुक्माबाई आहे, वखारीत तंबाखू झोडून बोटं वाकलेली. तिला पेन्सिल धरता येईना, म्हणून मक्याच्या बुरकुंडात, म्हणजे दाणे काढलेल्या कणसात, खडू खोचून दिला, तो मुठीत धरून लिहिते. माणसाप्रमाणे लेखणी बदलावी, लेखणीसाठी माणूस ताटकळत ठेवू नये. अंबुबाईचे हात धडधाकट आहेत, तुला तर निमित्तही नाही.

पहिलं वाक्य भरमूलाच जाऊ दे. आईचं अक्षर बघून त्याला काय वाटेल याची कल्पना कर.

पद्मा

बेळगुंदी,
ता. २ जुलै १९४४

प्रिय पद्मा,

साडेतीन महिने पत्र नाही, रागावली असशील. उन्हाळ्याची सुट्टी, मग पेरण्या, आता चिखल. वर्गाला तीन-चारजणी येतात.

अंबुबाईनं एप्रिलात दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या. त्यानंतर तिची फारशी प्रगती नाही. वय झालं आहे, आणि बहिरेपणामुळे एका हद्दीपुढे जाणं अवघडच असावं. शंभरेक शब्द आले, हेही कमी नाही. दिवाळीपर्यंत तिचा अभ्यास थांबवावा असं मनात आहे. तुझं काय मत?

जिनदत्तला आशीर्वाद.

यशोदा

निपाणी,
ता. १० जुलै १९४४

प्रिय यशोदे,

माझं मत असं की तू थापा मारते आहेस.

मार्चमध्ये जी बाई ग शोधत घरी जात होती तिची अक्कल जूनमध्ये संपली, हे मला पटवू नको. शिकणारा अडला की आधी शिकवणाऱ्याकडे बघावं, हे आपल्याला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही, मला जिनदत्तनं शिकवलं. मी वैतागले की तो मठ्ठ व्हायचा. मी दमले की त्याला काही आठवायचं नाही. तो माझा चेहरा वाचायचा, पाटी नंतर.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मार्चमध्ये भरमूची एक ओळ सांगायला तू अर्धं पत्र खर्चलं होतंस. या पत्रात त्याचं नावसुद्धा नाही. आईनं पहिल्यांदा लिहिलेल्या दोन ओळी त्याला मिळाल्या की नाही, त्यानं काय उत्तर धाडलं, हे सांगितल्याशिवाय तू राहिली नसतीस. त्याचं काही बरंवाईट झालं का? झालं असेल तर ते अंबुबाईला ठाऊक आहे का?

उलट टपाली लिही. गोल गोल लिहू नको.

पद्मा

बेळगुंदी,
ता. १९ जुलै १९४४

पद्मा,

भरमू मेला. अकरा मे रोजी. अंबुबाईला आम्ही सांगितलेलं नाही.

सात जूनला टपाल आलं. शाळा नुकतीच उघडली होती. ज्योतिबा पाकीट घेऊन शाळेतच आला. अंबुबाई शेतावर होती. बेळगावहून, पलटणीच्या कचेरीचं पत्र होतं, मराठीत, पाच ओळींचं. मी पहिली ओळ वाचली आणि थांबले. तो म्हणाला, "वाचा की." मी उरलेलं वाचलं. तो शाळेच्या पायरीवर बसला.

मी म्हटलं, घरी जाऊ आणि अंबुबाईंना सांगू. तेव्हा त्यानं मला हात दाखवला. उताणा तळवा धरला आणि पालथा केला. "आमच्या घरात म्येलेल्याला असं करत्यात, बाई. माझा भाऊ गेला तवा वैनी म्हायेरी हुती. म्या जाऊन ह्याच हातानं सांगितलं तिला. तुमी तोंडानं सांगशिला, तुमचं बरं हाय. ह्यो हात पुन्ना उचलत न्हाय माझा." मग म्हणाला, "तुमी तिला वाचायला शिकीवतायसा न्हवं? शिकवा. तिची ती वाचू दे. तवर कुणी काय बोलायचं न्हाय."

मी कबूल झाले. का झाले ते विचारू नको, मलाही सांगता येत नाही. त्याची ती अवस्था बघून झाले.

मग त्यानं तिथेच कुंपणापाशी ते पत्र फाडलं. मरणाचं पत्र घरात न्यायचं नाही, वाचलं की फाडायचं, ही आपली रीत. ओढ्यावर जाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली आणि घरी गेला. वहिनीनं स्वतः वाचावं म्हणणाऱ्या माणसानं तेच पत्र फाडलं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मी समोर उभी होते, माझ्याही आलं नाही. तुकडे पावसात गेले.

तेव्हापासून मी तिला शिकवणं सोडलं आहे. वर्ग घेते, पण नवा शब्द देत नाही. एक एक शब्द शिकला की ती त्या बातमीच्या जवळ सरकते, असं मला वाटू लागलं. जुनीच घागर, जुनाच विळा. ती निमूटपणे लिहिते. एके दिवशी तिनं पाटी पुढे करून भरमूची ओळ मागितली. मी लिहिलं, 'मी खुशाल आहे.' जानेवारीच्या पत्रातली ओळ आहे, खोटी नाही, असं स्वतःला समजावत लिहिलं. तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पदरानं पुसून टाकलं. सोपी वाटली म्हणून पुसली असेल.

मी तिला वाचायला शिकवायला निघाले आणि शेवटी त्याच पाटीवर तिला फसवलं. मला लाज वाटते, पद्मा. यातून कसं सुटायचं ते सांग.

यशोदा

निपाणी,
ता. २६ जुलै १९४४

प्रिय यशोदे,

तुला शिव्या द्यायला बसले होते. पण शिव्या द्यायचा हक्क मला नाही, तो का नाही हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आमची आई, राजमती, गेली तेव्हा मी सतरा वर्षांची आणि जिनदत्त चौदाचा. आप्पांनी त्याला आधीच मावशीकडे चिकोडीला धाडलं होतं. तो परत आला तेव्हा घरात आई नव्हती. आप्पांनी हातानं सांगितलं, कोल्हापूरला, दवाखान्यात. मीही तेच सांगितलं. वाटलं, थोड्या दिवसांनी सांगू. तो रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन कोल्हापूरच्या मोटारीची वाट बघायचा. चार महिने, यशोदे. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं तो कशासाठी उभा आहे. एवढ्या गावात ठाऊक नव्हतं ते त्याला एकट्याला.

शेवटी मी पाटीवर लिहून सांगितलं. त्यानं पाटी दगडावर आपटून फोडली. आई गेली म्हणून तो नंतर रडला. पाटी फोडली ती त्या चार महिन्यांसाठी. अजून कधीतरी तो मला विचारतो, मला आईजवळ का नेलं नाहीत.

तेव्हा उद्याच जा. वाचायला देऊन दूर उभी राहू नको, शेजारी बस. दिवसाउजेडी, तुझं तोंड तिला दिसेल असं. ज्योतिबाला आणि शालूबाईला जवळ बसव. त्यांनी तोंड फिरवायचं नाही. पाटीवर लिही, आणि 'देवाघरी गेला', 'कामी आला' असलं काही लिहू नको. जिला शंभर शब्द येतात तिला आडवळणाचं लिहिणं म्हणजे पुन्हा फसवणंच. भरमू मेला, असंच लिही. दोन शब्द. मग ती विचारेल ते सगळं सांग, ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणून सांग.

मेला हा शब्द तिला वाचता येतो का? येत नसेल तर तो तूच शिकवायचा आहेस. माझ्यावर ती वेळ आली होती, म्हणून म्हणते.

पद्मा

बेळगुंदी,
ता. ९ ऑगस्ट १९४४

प्रिय पद्मा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. हे लोंढ्याहून आले होते. त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी बरोबर येतो." मी नको म्हटलं. रविवारी सकाळी पाटी घेऊन गेले.

पाऊस उघडला होता. पुढच्या सोप्यात उजेड होता, तिथे बसलो. अंबुबाई भाजी निवडत होती. ज्योतिबा मला बघून उठायला लागला, मी त्याला बसायला सांगितलं. शालूबाई दाराला टेकून उभी राहिली. मी पाटीवर लिहिलं, 'भरमू'. पुढचा शब्द लिहायला खडू टेकवला आणि अंबुबाईनं माझं मनगट धरलं.

खडू तिनं माझ्या हातातून काढून घेतला. 'भरमू'च्या पुढे तिनं स्वतःच लिहिलं, 'मेला'. तो शब्द मी तिला कधी शिकवलेला नव्हता. 'मी' मधला म, 'चूल' मधला ल, काना, मात्रा, असं जोडत तिनं तो लिहिला. मग पाटी मांडीवर उलटी ठेवली.

ज्योतिबानं तोंड झाकून घेतलं. मी विचारलं, कधीपासून ठाऊक आहे? ती म्हणाली, "त्याच दिशी. दुपारचं ज्योतिबा भिजून आला. पाऊस नव्हता. पोस्टाचा माणूस आलेला म्या शेतातनं बघितला, आन् कोनाड्यात पत्र न्हाय. दुसऱ्या दिसापास्नं शालू मला आदी वाडाया लागली. मी आली की समद्यांची तोंडं थांबायची." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् तुमी शिकवायचं थांबलासा. तवा राहिलेलं बी कळलं."

पद्मा, मी तिच्यापासून दडवण्यासाठी जे केलं त्यानंच तिला सांगितलं. ती पुसलेली ओळ सोपी म्हणून पुसली नव्हती.

मी विचारलं, मग दोन महिने बोलला का नाहीत? ती म्हणाली, "कुणी सांगितल्याबिगर रडायचं कसं? मी रडले असते तर तुमी म्हनला असता, खुळी हाय, उगंच रडाय लागली. म्हनून वाट बघत बसले. कोण तरी सांगंल."

तेव्हा ज्योतिबा उठून तिच्यासमोर येऊन बसला. कपाळावर तिरकं बोट ओढलं. उताणा तळवा पुढे धरला आणि पालथा केला. तो हात बराच वेळ तसाच राहिला. अंबुबाईनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मग ती रडली. तिचं रडणं फार मोठं असतं, तिला ते ऐकू येत नाही. शेजारच्या बायका धावत आल्या. शालूबाईनं सगळ्यांना सांगितलं. दोन महिन्यांचं साचलेलं त्या दिवशी सगळ्या घरानं रडून घेतलं, आणि त्यांच्याबरोबर मीही.

संध्याकाळी तिनं पत्र मागितलं. फाडलं, असं ज्योतिबानं सांगितलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी वाचलंयसा. लिवा. समदं."

पाच ओळी होत्या. मला पाठ होत्या, त्या दिवसापासून डोक्यातून गेल्याच नव्हत्या. एक एक ओळ मी पाटीवर लिहिली, तिनं बोट ठेवून वाचली, अडलेला शब्द विचारला, वाचून झाली की पुसली आणि पुढची मागितली. तोफेचा गोळा पडून भरमू आणि त्याच्याबरोबरचे आणखी दोघे जागीच ठार झाले, ही तिसरी ओळ. ती तिनं दोनदा वाचली. मग तिनं विचारलं, "कुटल्या गावात? आनखी दोगं कोण? माझं पत्र पोचलं हुतं का त्येला?" मी म्हटलं, पत्रात हे नव्हतं.

"मग त्यास्नी इचारायचं," ती म्हणाली, आणि पाटी पुसून माझ्यापुढे सरकवली. त्या दिवसापासून आम्ही रोज बसतो. ती शब्द मागते आणि मी देते. मागेल ते सगळे देते.

यशोदा

बेळगुंदी,
ता. ३ सप्टेंबर १९४४

प्रिय पद्मा,

आज अंबुबाईनं पत्र टपालात टाकलं. तीन आठवडे लागले. "मी लिहून देऊ का," असं मी एकदा विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही. पाकिटावरचा पत्ता तेवढा मी घातला. आतलं सगळं तिचं आहे, मी एक काना-मात्रा बदललेली नाही. नक्कल खाली उतरवते. जिनदत्तला दाखव आणि या वेळी त्यानं खिशात ठेवलं तर ठेवू दे.

तुझी
यशोदा

पलटनीचं मोटं सायेब यास्नी
बेळगुंदीची अंबुबाई हात जोडती.

मी भरमूची आई. मी भयरी हाय. मला कोन वाचून दाकवत न्हाय. मी वाचती.

तुमचं पत्र आलं. भरमू मेला ते कळलं. कुटल्या गावात मेला ते लिवा. जाळलं का पुरलं ते लिवा. माजं पत्र त्येला गावलं का. गावलं नसंल तर तसं लिवा. खरं आसंल ते लिवा.

आता पत्र माज्या नावानं धाडा. चुलत्याच्या नावानं नको.

भरमूसंगं दोगं मेलं म्हनून लिवलंय. त्येंची नावं न्हाईत. त्येंच्या आयांचं नाव आन गाव कळवा. त्यास्नी कुनी सांगितलं नसंल तर मी लिवीन.

अंबुबाई